मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून?

बल्गेरियाला जायचं ठरलं ते स्वस्त पडतं म्हणून, हे आधीच कबूल करते. २०२५ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलाकडे म्युनिकला होतो. दिवाळीला दहा-बारा दिवस अवकाश, मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि जर्मनीत बाहेर साधी कॉफी घ्यायची म्हटली तरी माझा मनातल्या मनात शंभराने गुणाकार सुरू. "सोफियाला जाऊन या, निम्म्यात होईल," मुलगा म्हणाला. "आणि आई, १ जानेवारीपासून तिकडेही युरो येतोय. त्यांच्या नोटा बघायच्या असतील तर आत्ताच."

हे शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. बँकेत माझी बत्तीस वर्षं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरच्या काचेमागे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मी तिथेच बसले होते. पैसा बदलायची वेळ आली की माणसं कशी होतात हे मी रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिलेलं आहे. त्यामुळे एक अख्खा देश आपलं चलन आपणहून सोडतो म्हणजे काय करतो, याची उत्सुकता होतीच.

पहिला दिवस : शुक्रवार, १० ऑक्टोबर, सोफिया

म्युनिकहून उतरलो तर पासपोर्ट बघायलाही कोणी नाही. बल्गेरिया शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) विमानतळ आणि बंदरांपुरता मार्च २०२४ मध्ये आणि रस्त्याच्या सीमांसह जानेवारी २०२५ मध्ये आला. युरोपीय संघात तर २००७ पासूनच आहे. राहिलं होतं ते चलन.

मेट्रो विमानतळातूनच सुटते. तिकीट १.६० लेवा, आणि त्याखाली बारीक अक्षरात ०.८२ युरो. हे दोन-दोन आकडे मग आठवडाभर पाठ सोडेनात. ८ ऑगस्टपासून प्रत्येक दुकानाला दोन्ही चलनांत किंमत लिहिणं सक्तीचं झालं होतं. ब्रेड, साबण, केस कापण्याचे दर, देवळातल्या मेणबत्त्या, सगळं जोडीनं. दर ठरलेला: एक युरोला १.९५५८३ लेवा. पाच दशांश स्थळं! हा विचित्र आकडा आला कुठून ते पुढे कळलं.

एक असेल तर ‘लेव’, दोन झाले की ‘लेवा’. लेव म्हणजे सिंह. शंभर स्तोतिन्कींचा एक लेव, आणि ‘स्तो’ म्हणजे शंभर. आपलं ‘शत’च ते. दोनाला ‘द्वे’, तिनाला ‘त्रि’. आजीला मात्र ‘बाबा’ म्हणतात, त्याने पुढे बराच गोंधळ झाला.

सेर्दिका स्टेशनातून वर येताना रोमन रस्त्याचे अवशेष पायाशीच लागतात. यांना तिथून हलवायला मला अर्धा तास लागला. संध्याकाळी गार वारं होतं, विटोशा डोंगर ढगात. शोप्स्का सलाड (काकडी-टोमॅटोवर किसलेल्या पांढऱ्या चीजचा डोंगर) आणि घेवड्याची ‘बॉब चोर्बा’. शाकाहारी माणसाचं या देशात उत्तम चालतं. दह्याबद्दल तर काय बोलावं! दही लावणारा जो जिवाणू, त्याच्या नावातच बल्गेरिया आहे. इथलं ‘आयरान’ म्हणजे आपलं ताकच, फक्त त्यात जिरं नाही.

*कामाचं :* जुन्या गावभागात ‘शून्य कमिशन’ लिहिलेल्या खिडक्यांतून पैसे बदलू नका. कमिशन शून्य असतं, दर मात्र त्यांच्या मनाचा. माझ्यासारखी कॅशियर असून एका खिडकीत पन्नास युरोमागे अकरा लेवा कमी घेऊन बाहेर आले. पावती पाहिली ती सही केल्यावर. हे तेवढं वर्षभर ऐकवणार आहेत.

दुसरा दिवस : अजून सोफिया

सकाळी राष्ट्रीय बँकेची दगडी इमारत बाहेरून पाहिली. लोक देवळं बघतात, मी बँका बघते. तिथून जुन्या सार्वजनिक स्नानगृहाकडे गेलो. त्याच्या बाजूला गरम खनिज पाण्याचे नळ आहेत आणि माणसं पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन भरत असतात. तिथे एक आजोबा भेटले. आम्ही भारतातले म्हटल्यावर कॅन खाली ठेवून म्हणाले, "बॉम्बे! तीनदा!" तरुणपणी मालवाहू जहाजावर होते. इंग्रजी बंदरावरचं, क्रियापदं कमी आणि हातवारे जास्त, पण सगळं कळत होतं.

युरोबद्दल विचारलं. म्हातारी माणसं विरोधात आणि तरुण बाजूने असणार, असा माझा हिशेब होता. आजोबांनी तो पहिल्याच वाक्यात उडवला. "कधीच यायला हवा होता," म्हणाले. मग बोट उचलून म्हणाले, "नाइन्टी-सेव्हन."

१९९६-९७ च्या हिवाळ्यात बल्गेरियात बँका धडाधड कोसळल्या आणि लेवचा कागद झाला. एकट्या फेब्रुवारी १९९७ मध्ये महागाई दोनशे चाळीस टक्क्यांवर. वर्षाची नव्हे, त्या एका महिन्याची. जानेवारीत लोकांनी संसदेला वेढा घातला होता. आजोबांनी समुद्रावरच्या कमाईतून मोटारीसाठी पैसे साठवले होते. "त्यात शेवटी टायर आले असते," ते म्हणाले. "चार नाही. एक."

त्यानंतर १ जुलै १९९७ ला देशाने स्वतःच्या हाताला कुलूप लावलं: हजार लेवा म्हणजे एक जर्मन मार्क, आणि तिजोरीत परकीय चलन असेल तेवढेच लेव बाजारात. सरकारला वाटेल तेव्हा नोटा छापायची सोय बंद. १९९९ मध्ये तीन शून्यं उडवली, एक लेव बरोबर एक मार्क झाला. पुढे मार्क गेला, युरो आला. एक युरो म्हणजे १.९५५८३ मार्क, म्हणून लेवाचा भावही तोच राहिला. पाच दशांश स्थळांचं कोडं असं सुटलं. जर्मनीत २००२ मध्ये संपलेला मार्क सोफियात लेवचं नाव लावून इतकी वर्षं जगत होता म्हणायचा.

म्हणजे अर्थशास्त्राच्या हिशेबाने हा देश अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्याच चलनावर चालला होता. मग आता एवढा कल्लोळ कशाचा?

तो कल्लोळ दुपारी झेन्स्की पझारमध्ये, म्हणजे बायकांच्या मंडईत ऐकला. मंडईच्या भिंतीवर ‘बल्गेरियन लेव वाचवा’ची भित्तिपत्रकं, काही अर्धी फाडलेली. टोमॅटो विकणाऱ्या बाईच्या पाटीवर ३.९० लेवा, खाली १.९९ युरो. शेजारच्या गिऱ्हाइकाने इंग्रजीत सांगितलं, बाई म्हणतात की आज १.९९ आहे, जानेवारीत दोन होईल, मार्चमध्ये अडीच, आणि गिऱ्हाईक मला शिव्या घालेल, ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, नाही. मी म्हटलं, पण भाव तर तुम्हीच ठरवणार ना? बाई हसल्या. "मी नाही वाढवणार. पण मला माल देणारा वाढवेल. त्याला मी ओळखते."

वरवर पाहता देशाची मतं जवळपास अर्धी-अर्धी विभागलेली होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रुमेन रादेव यांनी मे महिन्यात सार्वमताची मागणी पुढे केली, संसदेच्या अध्यक्षांनी ती फेटाळली. कारण संघात येतानाच युरोचं वचन करारात दिलेलं होतं. फक्त डेन्मार्कने या अटीतून कायमची सूट लिहून घेतलीय. फेब्रुवारीत निदर्शकांनी सोफियातल्या युरोपीय संघाच्या कार्यालयावर लाल रंग फेकला होता. जुलैमध्ये ब्रसेल्सने शेवटची मोहोर उठवली आणि विषय कागदावर संपला. मंडईत संपायचा होता.

तिसरा दिवस : रिला

रिलाचा मठ सोफियापासून दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरच्या आत. सकाळी बसस्टँडवर यांनी ड्रायव्हरला विचारलं, "रिला?" त्याने मान आडवी हलवली. आम्ही खाली उतरलो. बस निघून गेली. रिलाला.

बल्गेरियात आडवी मान म्हणजे ‘हो’ आणि वर झटकलेली मान म्हणजे ‘नाही’. हे मी वाचलेलं होतं. यांनाही वाचून दाखवलं होतं. वर बरेच तरुण परदेशी माणूस दिसला की मुद्दाम आपल्यासारखी मान हलवतात, त्यामुळे समोरचा कोणत्या पद्धतीने ‘हो’ म्हणतोय याचा पत्ता नाही. "मग विचारायचं कसं?" हे चिडून म्हणाले. ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही. मान बघूच नका, तोंडातून शब्द काढून घ्या. तिसऱ्या दिवसाची ही सगळ्यात मोलाची टीप.

त्या बसने आणखी दोघांना चकवलं होतं, झाग्रेबचं एक चाळिशीतलं जोडपं. चौघांनी मिळून टॅक्सी केली आणि माझं नशीब बघा, मागच्या सीटवर क्रोएशिया! त्यांनी १ जानेवारी २०२३ ला हेच सगळं केलेलं. त्यांच्या चलनाचं नाव ‘कुना’, म्हणजे मार्टेन नावाचा मुंगसासारखा प्राणी. एकेकाळी त्याच्या कातड्यात कर भरत. "तुमचा सिंह मरतोय, आमचं मुंगूस आधीच गेलं," बाई टॅक्सीवाल्याला म्हणाल्या. तो हसला नाही.

मी विचारलं, महागाई झाली? दोघं एकदम बोलायला लागले. कॉफी, न्हाव्याचे दर, सगळं वर सरकलं. २०२५ च्या जानेवारीत तर लोकांनी एक दिवस दुकानांवर बहिष्कार टाकला. मग कुना परत हवा? नवरा म्हणाला, नको. बायको म्हणाली, नको, पण जुन्या किमती परत हव्यात. दोन्ही वाक्यं तिने एका श्वासात म्हटली आणि तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही नाही. अजूनही साडेसाताने गुणते, हेही सांगितलं तिने. आमचं शंभराने गुणणं आठवून मी तिचा हात दाबला.

मठाबद्दल काय लिहू? काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, भिंतींवर नरकातले सैतान इतके उत्साहाने रंगवलेले की स्वर्ग फिका पडावा. शिखरांवर बर्फाची बारीक रेघ. मठाच्या मागच्या खिडकीत गरम ‘मेकित्सी’ मिळतात. आपल्या भटुऱ्याची चुलत बहीण, वर पिठीसाखर. चौघांनी मिळून नऊ खाल्ल्या.

दहाव्या शतकातला इव्हान रिल्स्की हा इथला संत, बल्गेरियाचा रक्षणकर्ता. त्याचं चित्र एक लेवच्या नाण्यावर आहे. मी ते नाणं मेणबत्तीवाल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याला दाखवलं आणि खुणेने विचारलं, जानेवारीत याचं काय? त्याने खिशातून वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा काढला. नव्या नाण्यांची चित्रं होती. एक युरोवर हाच संत. दोन लेवच्या नाण्यावरचा पाइसी साधू दोन युरोवर. चिल्लर स्तोतिन्कींवरचा मादाराचा घोडेस्वार नव्या चिल्लरीवर. सगळी मंडळी बिऱ्हाड हलवून तशीच्या तशी नव्या घरी. सेवेकऱ्याने संतावर बोट टेकवलं, मग आकाशाकडे दाखवलं. पैशाशी याचं काय देणंघेणं, असा अर्थ मी लावला. मान हलवली असती तर तेही कळलं नसतं.

चौथा आणि पाचवा दिवस : प्लॉवदिव

प्लॉवदिवला बसने दोन तास. रोमन रंगमंदिर सकाळी लवकर पाहा, गर्दी नसते, आणि कपाना नावाच्या जुन्या कारागीर पेठेत संध्याकाळी फिरा. शहराबद्दल एवढंच. कारण आमचे दोन्ही दिवस खरं म्हणजे एका मागच्या अंगणात गेले.

राहिलो होतो ते घर सत्तरी ओलांडलेल्या बाईंचं. शहराच्या कडेला, खाली त्या, वर पाहुण्यांच्या दोन खोल्या. इंग्रजी त्यांची नात बोलते. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि शनिवार-रविवार आजीकडे असते. त्या सोमवारी तिने मुद्दाम रजा घेतली होती, कारण त्या दिवशी मिरच्या होत्या. नातीने ओळख करून दिली, "ही माझी बाबा." यांनी अदबीने हात जोडून "नमस्कार बाबा" म्हटलं आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "बाबा कुठायत?"

शरद ऋतूत अख्ख्या देशाला भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो. लाल लांब ढोबळ्या मिरच्या ‘चुश्कोपेक’ नावाच्या उभ्या विजेच्या भट्टीत एकेक सोडायच्या, साल काळी झाली की काढायच्या, सोलायच्या, टोमॅटो घालून आटवायच्या. त्याची ‘ल्युतेनित्सा’, म्हणजे चटणी. ती बरण्यांत भरून हिवाळ्याची बेगमी. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया घालतो तसं हे त्यांचं हिवाळ्याचं वाळवण, फक्त ओलं. मी बाह्या वर केल्या आणि सोलायला बसले. भाषा येत नसली तरी मिरचीचं साल काढता येतं. दोन तासांत बत्तीस बरण्या.

बाबा युरोच्या कडव्या विरोधात. फ्रिजवर लेव वाचवाचा स्टिकर. त्यांची मांडणी साधी होती. लेव आपला आहे. तुर्कांकडून सुटल्यावर आपण आधी काय केलं? आपलं नाणं पाडलं. ग्रीस तर इथून दोन-तीन तासांवर, २०१५ मध्ये त्या देशात एटीएममधून दिवसाला साठच युरो निघत होते, माझ्या डोळ्यांनी रांगा पाहिल्यात. उद्या त्यांची कर्जं आमच्या गळ्यात. आणि सगळ्यात शेवटी मंडईवाल्या बाईचंच: हे दुकानदार. एक लेव असेल तिथे एक युरो लिहितील.

नात म्हणाली, "बाबा, व्याजाचा दर फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेतूनच ठरतो, इतकी वर्षं ठरतोय. फक्त आपल्याला तिथे खुर्ची नव्हती. आता मिळेल."

"खुर्चीवर कोण बसणार?"

"आपल्या बँकेचा गव्हर्नर."

"म्हणजे आपलाच कोणीतरी," बाबा म्हणाल्या. हे उत्तर नातीने मला भाषांतर करून सांगितलं तेव्हा तिला स्वतःलाच हसू आवरेना. कारण तिची बाजूही शेवटी तिथेच येत होती. तिला युरो हवा तो आपल्या राजकारण्यांच्या हातून छापखाना कायमचा काढून घेण्यासाठी. बाबांना नको तो राजकारणी आणि दुकानदार यांच्या संगनमताने आपण लुटले जाऊ म्हणून. दोघींचा अविश्वास एकाच माणसांवर, मतं विरुद्ध.

मला तर आमचाच काउंटर आठवला. २०१६ ला रांगेतली माणसं पंतप्रधानांवर नाही, माझ्यावर चिडत होती. कारण समोर मी होते. बाबांना मी नोटबंदीची हकिगत सांगितली. त्यांनी मिरची बाजूला ठेवली. "किती दिवस दिले?" जुन्या नोटा भरायला पन्नास, म्हटलं. त्यांनी छातीवर क्रूस काढला. इथे लेवाला जानेवारी २०२६ चा एक महिना युरोसोबत चालायची मुभा होती. जूनअखेरपर्यंत बँका आणि टपालकचेऱ्या फुकट बदलून देणार होत्या आणि राष्ट्रीय बँक तर मुदतच न घालता कधीही. नातीने तेच परत समजावलं. बाबा म्हणाल्या, "लिहिलंय तसं होतं का कधी?"

दुसऱ्या दिवशी खरी गंमत झाली. खोलीचे पैसे द्यायला गेले. लेवा मोजत होते, तर बाबांनी माझा हात धरला आणि नातीमार्फत विचारलं, युरो आहेत का? मला वाटलं माझी सोय बघतात. नात डोळे फिरवत म्हणाली, "तिची बरणी बघायचीय?" फडताळात वरच्या फळीवर ल्युतेनित्साची रिकामी बरणी, आत गुंडाळलेल्या युरोच्या नोटा. मुलगा स्पेनमध्ये वाहन दुरुस्तीच्या कामावर, त्याने पाठवलेल्या, दहा-बारा वर्षांच्या. शेजारचं घर मागच्या वर्षी विकलं गेलं तेही युरोत. इथे घरांचे सौदे वर्षानुवर्षं युरोतच होत आले. लेव हा रोजच्या भाजीपाल्याचा, युरो जपून ठेवायचा.

"मग विरोध कशाला?" यांनी न राहवून विचारलं.

बाबा म्हणाल्या, "बरणीत ठेवायला चांगला आहे. भाजी घ्यायला नको."

यावर मी खूप विचार केला आणि मला ते अजिबात मूर्खपणाचं वाटत नाही. उंची साडी कपाटात शोभते म्हणून ती नेसून कोणी भांडी घासत नाही. नातीचं उलट. ती मताने युरोच्या बाजूची, पण सकाळी कॉफी घेताना २.५० लेवा / १.२८ युरो ही पाटी तिने मला दाखवली आणि म्हणाली, "जानेवारीत हे दीड होणार, आणि मी काहीच बोलू शकणार नाही. बोलले तर बाबा म्हणेल, सांगत होते ना."

त्या रात्री चटणी, चीज आणि घरची राकिया, म्हणजे फळांची दारू. (मी वास घेतला, यांनी चव.) राकिया पोटात गेल्यावर हे बोलायला लागले. हे मूळचे मडगावचे. सासूबाईंच्या देवघरातल्या पितळी डब्यात पोर्तुगीज एस्कुदोची चार नाणी होती. १९५९ मध्ये गोव्यातल्या रुपियाची जागा एस्कुदोने घेतली, एका रुपियाला सहा एस्कुदो. दोन वर्षांत पोर्तुगीजच गेले आणि भारताचा रुपया आला. म्हणजे सासूबाईंनी तीन-चार वर्षांत तीन चलनं हाताळली, आणि एकदाही कोणी त्यांचं मत विचारलं नाही. मत विचारलं गेलं ते १९६७ च्या जानेवारीत, पण प्रश्न वेगळा होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. घरात सासऱ्यांचं फूल, सासूबाईंची दोन पानं. दोन पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली आणि सासऱ्यांनी आठवडाभर जेवणाला नावं ठेवली.

नातीने हे सगळं बल्गेरियनमध्ये सांगितलं. बाबांना पोर्तुगीजांत रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "तिला विचारलं तरी! आम्हाला कुठे विचारलं?"

यावर नात गप्प बसली. तिच्याकडे करारातल्या कलमाचं उत्तर होतं, मला सोफियात मिळालं होतं तेच. तिने ते दिलं नाही.

*कामाचं :* प्लॉवदिवमध्ये दोन रात्री तरी राहा. सुटी नाणी जवळ ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहात कार्ड चालत नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर महामार्गासाठीचं ‘विन्येत’ (आधी भरलेल्या टोलचा परवाना) आहे का ते आधीच विचारून घ्या. आणि काचेच्या बरण्या हातसामानात नेऊ नका. मला दिलेल्या तीनपैकी एक विमानतळावरच राहिली, कारण चटणी हा ‘द्रव’ असतो.

सहावा दिवस : गाब्रोव्हो आणि वेलिको तर्नोव्हो

शिपका खिंडीतून बस डोंगर चढते तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळी-तांबडी पानं. दूरच्या शिखरावर कम्युनिस्ट काळातल्या बुझ्लुजा स्मारकाची मोडकी थाळी, उडती तबकडी उतरून गंजून गेल्यासारखी.

गाब्रोव्होला मुद्दाम उतरलो. हे गाव चिक्कूपणाच्या विनोदांसाठी प्रसिद्ध. पुण्याच्या माणसाने इथे तीर्थयात्रा म्हणून यावं. हिवाळ्यात मांजर दारातून जाताना दार कमी वेळ उघडं राहावं म्हणून तिचं शेपूट कापतात, आणि रात्री घड्याळ बंद करतात, चाकं झिजू नयेत म्हणून. गावाने याचं चक्क संग्रहालय केलंय, १९७२ पासून. तिकीटखिडकीतल्या बाईंना मी म्हटलं, तुमचं गाव तरी युरोच्या बाजूचं असेल? त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हो तर. पगाराचा आकडा निम्मा होणार, म्हणजे मोजायला निम्मा वेळ लागणार." मग तिकिटाचे सुटे मागितले.

तर्नोव्होबद्दल थोडकंच. त्सारेवेत्सचा किल्ला सुंदर आहे, पाऊस लागला, मी घसरले, गुडघा सुजला. संध्याकाळ गरम पाण्याची पिशवी घेऊन खोलीत. हे एकटेच चाळीस हुतात्म्यांचं चर्च बघून आले. १९०८ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा तिथे झाली होती. तिथल्या राखणदाराने यांना युरोविरुद्ध वीस मिनिटं भाषण दिलं म्हणे, बल्गेरियनमध्ये. "मग तुम्हाला कसं कळलं विरुद्ध होतं?" "आवाजावरून."

सातवा दिवस, आणि नंतर

परतीच्या प्रवासात सोफियाच्या विमानतळावर उरलेल्या लेवांची बनित्सा (चीज भरलेला, पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ) खाल्ली. एक लेवचं एक नाणं मात्र ठेवलं. पुढच्या वेळी मडगावला गेलो की पितळी डब्यात एस्कुदोशेजारी जाईल.

म्युनिकला पोचल्यावर दिवाळीच्या दिवशी प्लॉवदिवच्या नातीला पणत्यांचा फोटो पाठवला. तिने उत्तरात लिहिलं, डिसेंबरपासून बँकांत युरोच्या नाण्यांच्या पिशव्या मिळणार आहेत, वीस लेवांना एक, दहा युरो तेवीस सेंटांची. बाबाने आत्तापासून मागे लावलंय, पहिल्याच दिवशी जाऊन तीन आणायच्या, रांग लागायच्या आत. एक तिला, एक स्पेनच्या नातवाला आणि एक शेजारणीला दाखवायला.

मी विचारलं, म्हणजे बाबांचं मत बदललं का?

तिने काही लिहिलं नाही, पाच सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. चुलीपुढे बाबा, हातात झारा, नात काहीतरी विचारते आणि त्या मान हलवतात. हे तो व्हिडिओ तीनदा बघून म्हणाले, "आडवी आहे. म्हणजे हो."

मला ती जरा तिरकी वाटली.